इन्स्पेक्टरांची फेरतपासणी

इन्स्पेक्टरांना काहीही सांगायचं असलं तर लिहून द्यावं लागे. कासारवाडी स्टेशनजवळच्या आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत नवीन येणाऱ्याला ही पहिली सूचना मिळायची. त्यांच्या टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा असायचा. तुम्ही बोलायला तोंड उघडलंत की ते त्यातला एक कागद पुढे सरकवत. चहा घेणार का, एवढं विचारायलाही चिठ्ठी. फोन तर ते घेतच नसत. फोनवर माणूस खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं होतं. समोर बसूनही बोलतोच की, असं मी एकदा चिठ्ठीवर लिहिलं. ते म्हणाले, “व्हय, पण तवा तोंड दिसतं.”

आम्ही हसत असू आणि चिठ्ठ्या लिहीत असू. माणूस एकदा विक्षिप्त ठरला की त्याला कुणी कारण विचारत नाही.

ते मूळचे कुरुळीचे. घरची जमीन कारखान्यात गेली आणि तिच्या बदल्यात एका फोर्जिंग कंपनीत नोकरी मिळाली. आधी बारा वर्षं हॅमर शॉपमध्ये, जिथे तापून लाल झालेल्या लोखंडावर दिवसभर अवजड हातोडे आदळतात. मग क्वालिटी विभागात, इन्स्पेक्टर म्हणून. शिफ्ट सुटल्यावर आणि गुरुवारच्या सुट्टीला ते आमच्याकडे येत. कामगारांच्या एकांकिका, कंपन्यांमधल्या भजन स्पर्धा, गणपतीतले जिवंत देखावे, सोसायट्यांमधले ऑर्केस्ट्रा, या सगळ्यांची परीक्षणं ते कितीतरी वर्षं लिहीत होते. त्या पानाची संपादक मी, म्हणजे कागदावर त्यांची वरिष्ठ. फक्त कागदावर.

लेखाखाली नाव छापू देत नसत. मालावर इन्स्पेक्टरचं नाव नसतं, निकाल असतो, असं म्हणत. त्यामुळे प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी तीनपैकी एक शेरा असायचा: पास, दुरुस्तीनंतर पास, नापास. कारखान्यांच्या या पट्ट्यात ही भाषा सगळ्यांना कळत होती. शुक्रवारी अंक निघाला की भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कॅन्टीनमध्ये आधी शेवटची ओळ वाचली जायची, मग वरचं.

सगळे त्यांना इन्स्पेक्टर म्हणत. तळवड्याच्या एका गणेश मंडळाने त्यांना पोलीस समजून लाउडस्पीकरच्या परवानगीचा कागद आणून दाखवला होता. त्यांनी तो सावकाश वाचला, त्यातली तारखेची चूक बोटाने दाखवली आणि परत दिला. मग देखावा पाहायला बसले.

पाहण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. तासभर आधी यायचं. ज्यांचं परीक्षण करायचं त्यांचा चहा घ्यायचा नाही. पहिल्या रांगेत डावीकडच्या कोपऱ्यात बसायचं. चपला काढून पाय रंगमंचाच्या फळीला टेकवायचे. लोकांना ती रंगदेवतेविषयीची श्रद्धा वाटायची. नाटकभर ते नटांच्या तोंडाकडे असे पाहत की नवीन मुलं वाक्य विसरत. आणि जे लिहीत त्यात पाहिलेलं काहीच सुटायचं नाही. एका एकांकिकेत पेशंट मरतो, तिच्याविषयी त्यांनी लिहिलं होतं: ‘तिसऱ्या प्रवेशात सलाइनची बाटली रिकामी होती. पहिल्या प्रवेशातही रिकामीच होती. पेशंटच्या मृत्यूला लेखकापेक्षा बाटली जबाबदार आहे. दुरुस्तीनंतर पास.’ पुढच्या प्रयोगाला बाटली भरलेली होती, आणि ते ती पाहायला गेले होते.

मला लिहायला त्यांनीच शिकवलं. मी आधी बँकेच्या जाहिराती आणि निधन-वार्ता बघायचे. पहिलंच परीक्षण लिहिलं, त्यात ‘भावपूर्ण’ असा शब्द होता. त्यांनी त्याच्याभोवती गोल केला आणि विचारलं, हे कुठं दिसलं, जागा दाखवा. मला दाखवता आली नाही. मग म्हणाले, “आदी दिसलं ते लिवा, बाई. वाटलेलं मागनं. जागा उरली तर.”

हा नियम मी आजही पाळते. पुढे जे झालं त्यामुळे तो खोटा ठरत नाही.

परदेशातल्या एका विद्यापीठाची जाहिरात मी पाहिली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. छोट्या वर्तमानपत्रांत कला आणि संस्कृतीवर लिहिणाऱ्यांसाठी उन्हाळ्यातला सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम. जाणं-येणं, राहणं त्यांच्याकडे. लिहिलेल्या मजकुराचे नमुने पाठवायचे आणि ज्येष्ठ सहकाऱ्याचं शिफारसपत्र जोडायचं. आमचे मालक-संपादक पत्र द्यायला तयार होते, पण त्यांनी मी लिहिलेलं कधी वाचलं नव्हतं. मी इन्स्पेक्टरांपुढे चिठ्ठी ठेवली. त्यांनी तिथेच चार ओळी लिहून दिल्या: ‘सदर बाई वेळेवर येतात. चुका करतात. दाखवल्यावर मान्य करतात. पास.’

मी त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी करून पाठवलं. निवड झाली. तिथे गेल्यावर आमच्या शिक्षिकेने सांगितलं की बाकीच्या पत्रांत सगळेच असामान्य होते, म्हणून हे पत्र लक्षात राहिलं.

घरात नवऱ्याने विचारलं की या वयात शाळा कशाला. मी त्याला कुकरच्या शिट्ट्या लिहून दिल्या, वरणाला किती, भाताला किती, आणि निघाले. निघायच्या आदल्या दिवशी इन्स्पेक्टरांनी मला एक चिठ्ठी दिली. ‘नाट्यगृहात शिरल्याबरोबर बाहेर पडायची दारं बघून ठेवा. खेळ चांगला निघाला तर लागत नाहीत.’

ते गाव समुद्रकाठी होतं. रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड असायचा आणि उन्हाळा म्हणत असले तरी मी स्वेटर काढला नाही. वर्गात आम्ही बाराजण, बहुतेक माझ्या मुलाच्या वयाचे. सकाळी वर्ग, दुपारी संग्रहालय किंवा तालीम पाहणं, संध्याकाळी प्रयोग, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावरचा मजकूर टेबलावर. पहिल्या आठवड्यात मी इन्स्पेक्टरांचा नियम वर्गात सांगितला, आधी दिसलं ते, वाटलेलं नंतर. शिक्षिकेला तो इतका आवडला की तिने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि शेवटपर्यंत पुसू दिला नाही. तुझा गुरू कोण, असं मुलं विचारत. फोर्जिंग कंपनीत इन्स्पेक्टर आहेत, म्हटलं की त्यांना मी थट्टा करते आहे असं वाटायचं.

चौथ्या आठवड्यात तिने एक स्वाध्याय दिला. एका गायिकेच्या मैफलीचं दहा मिनिटांचं चित्रीकरण तिने पडद्यावर लावलं, आवाज बंद करून. त्यावर पानभर लिहायचं. मी लिहिलं: ‘ही गायिका श्वास खांद्यातून घेते. मान ताठ आहे. डावा हात मांडीवर बांधल्यासारखा पडलेला आहे. साथीदार तिच्याकडे पाहतो, ती त्याच्याकडे एकदाही पाहत नाही.’ लिहून झाल्यावर परत वाचलं. हे मी लिहिलेलं नव्हतंच. हे इन्स्पेक्टरांचं होतं. शब्द, क्रम, वाक्याची लांबी, सगळं.

मग शिक्षिकेने तेच चित्रीकरण आवाजासकट लावलं. ताठ मानेची ती बाई फार सुंदर गात होती.

बाकीची मुलं हसली, आपापल्या पानांवर रेघा मारायला लागली. मला हसू आलं नाही. दुपारचं संग्रहालय मी चुकवलं आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बसून फोनवर आमचे जुने अंक उघडले. इन्स्पेक्टरांची गाण्याबजावण्याची परीक्षणं एकामागून एक वाचत गेले, उलट्या क्रमाने. त्यांत खांदे होते, माना होत्या, तबल्यावरची बोटं होती, पेटीवाल्याच्या कपाळावरचा घाम होता. आवाज कुठेच नव्हता. सूर, बेसूर, चढा, उतरलेला, बसका, यांतला एकही शब्द नाही. मागे मागे जात राहिले तेव्हा पाच वर्षांपूर्वीच्या एका अंकात तो सापडला: ‘दुसऱ्या कडव्याला मुख्य गायकाचा सूर किंचित उतरला.’ त्याच्या आधीच्या सगळ्या लेखांत असे शब्द होते. त्याच्यानंतर एकदाही नाही.

चिठ्ठ्या, फोन, फळीला टेकवलेले पाय, पहिल्या रांगेतला कोपरा. पाच वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होते.

त्या पाच वर्षांतल्या गाण्याच्या परीक्षणांत ‘नापास’ फक्त एक होतं. तीन वर्षांपूर्वीची, कंपन्यांच्या महिला भजन स्पर्धेतली एक गायिका. गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात लाइनवर काम करणारी, लातूरकडची. त्यांनी लिहिलं होतं: ‘ही गायिका खांबासारखी उभी राहते. खांबाकडून गाण्याची अपेक्षा करू नये. नापास.’ मी स्पर्धेला गेले नव्हते. मजकूर हातात आला तेव्हा मला ते वाक्य आवडलं होतं. ‘खांबाकडून गाण्याची अपेक्षा’ हा मथळा मी दिला होता.

अंक निघाल्यावर ती बाई कचेरीत आली होती, तेही आठवलं. त्यांच्या टेबलासमोर उभं राहून काहीतरी बोलली. मागे छपाईचं मशीन चालू होतं, मला ऐकू आलं नाही. त्यांनी नेहमीसारखा पाठकोरा कागद पुढे केला. ती कागदाकडे बघत राहिली आणि निघून गेली. उद्धट आहे, असं मी तेव्हा म्हटलं होतं.

उरलेले दोन आठवडे मी नीट पूर्ण केले. परत आल्यावर पहिल्या गुरुवारी, कचेरीत दुसरं कुणी नसताना, त्यांच्यापुढे कागद ठेवला. ‘तुम्हाला ऐकू येत नाही.’

त्यांनी तो वाचला. घडी घातली, उलगडला, परत वाचला.

“तिकडं कुनी सांगितलं?”

‘कुणी नाही. आवाज बंद करून लिहायला लावलं. तुमच्यासारखं लिहिलं गेलं.’

त्यांनी तो कागदही घडी घालून ठेवला. मग बोलायला लागले, आणि एका दमात इतकं बोललेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हॅमर शॉपमध्ये असतानाच एक कान गेला होता. तिथे कानात बोळे घातले की जोडीदाराची हाक ऐकू येत नाही आणि हात जायची भीती, म्हणून जुनी माणसं बोळे घालत नसत. दुसरा कान हळूहळू गेला. कंपनीत दर वर्षी कानांची तपासणी असते. काचेच्या खोलीत बसायचं, आवाज आला की बोट वर करायचं. काचेत तपासणाऱ्याच्या हाताचं प्रतिबिंब पडतं. तो बटण दाबी तेव्हा इन्स्पेक्टर बोट वर करीत. दर वर्षी पास. कानाचं मशीन घेतलं होतं, पण ते लावलं की पंखा ऐकू येतो, खुर्ची ऐकू येते, माणूस ऐकू येत नाही. आणि मशीन लावून भजनाचं परीक्षण करायला बसल्यावर लोक काय म्हणतील?

‘मग गाण्याचं लिहिणं सोडायचं होतं,’ मी लिहिलं.

“वाटायचं, दिसतंय की समदं,” ते म्हणाले. “गानारा खरा हाय का खोटा, त्ये आंगावर दिसतं. निम्म्या वेळा बरोबर बी यायचं.”

‘निम्म्या वेळा?’

त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर ते यादी घेऊन आले. गेल्या पाच वर्षांतली गाण्याची सगळी परीक्षणं, एकोणीस. तारीख, मंडळ किंवा गायक, निकाल, आणि एक रिकामा रकाना. कारखान्यात मापाचं उपकरण, म्हणजे गेज, चुकीचं निघालं की ते नुसतं बाजूला ठेवून भागत नाही. ते शेवटचं बरोबर होतं त्या दिवसापासून त्याने मोजलेला सगळा माल परत बोलवायचा आणि चांगल्या उपकरणाने पुन्हा मोजायचा. हे मला त्यांनी समजावलं आणि मग म्हणाले, “आता तुमी माझं गेज.”

मी सांगितलं की मला गाण्यातलं फार कळत नाही. त्यांनी विचारलं, ऐकू येतं ना. मी लिहिलं, अठरा परीक्षणांत तर तुम्ही चांगलंच म्हटलं आहे, ती कशाला काढायची? ते माझ्याकडे शिकाऊ पोरीकडे बघावं तसं बघत राहिले. पास केलेला मालच तर बाहेर जातो, म्हणाले.

मालक-संपादकांना हे पटलं नाही. पेपराचं हसं होईल, एवढंच ते म्हणत राहिले. इन्स्पेक्टरांनी त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि लिहून द्यायला सांगितलं. त्यांनी लिहून दिलं नाही, म्हणून आम्ही निघालो.

दोन महिने दर गुरुवारी आम्ही माझ्या स्कूटरवर हिंडलो. मंडळांच्या खोल्या, कंपन्यांची कॅन्टीन, कुणाचं घर. ते उभे राहून सरळ सांगत, मला ऐकू येत न्हाई, तुमच्यावर लिहिलं ते न ऐकता लिहिलं, ह्या बाई ऐकतील. मग लोक गात आणि मी ऐकत असे, जे वाटेल ते रकान्यात लिहीत असे. काही जागी त्यांचं बरोबर निघालं, काही जागी बरंच चुकलं. भोसरीच्या एका भजनी मंडळाच्या बुवांना मात्र धक्का बसला नाही. ते पेटी पुढे ओढत हसून म्हणाले, “इन्स्पेक्टर, आम्हाला ठाऊक होतं हो. तुम्ही येणार कळलं की पोरांना सांगायचो, आज माना जरा जास्त डोलवा.”

इन्स्पेक्टरांनी त्यांचे ओठ वाचले होते. मी लिहून द्यायची गरज नव्हती. ते मान खाली घालून चपला घालत राहिले. त्या मंडळाला त्यांनी सलग तीन वर्षं पास केलं होतं.

पुढचं आताच सांगून टाकते. एकोणीसही निकाल आम्ही नव्याने छापले, चुकलेले चुकले म्हणून. मालक तीन आठवडे माझ्याशी नीट बोलले नाहीत. हसं थोडं झालं, फार नाही. त्यानंतर इन्स्पेक्टरांनी एकही परीक्षण लिहिलं नाही, नाटकाचंही नाही, मी किती म्हटलं तरी. निवृत्तीनंतर वर्षभरात ते गेले. पण त्यांची आठवण निघाली की मला त्या यादीतलं एकोणिसावं नाव आठवतं. ते त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

ती बाई तळवड्यात दोन खोल्यांच्या घरात राहायची, तळमजल्यावर. नवरा पहिल्या शिफ्टला गेला होता. ती आणि सासू घरी होत्या. तिने आम्हाला ओळखलं आणि दार पूर्ण उघडलं नाही. इन्स्पेक्टर नेहमीचं बोलले. ती ऐकून घेत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मी आले होते तवा लिहून द्या म्हणलाव तुमी. आता सांगायलाव ऐकू येत नाही.”

तेव्हा काय सांगायला आली होतीस, मी विचारलं.

“सांगायला नाही, इचारायला. कुठं चुकलं ते सांगा म्हणलं, मी दुरुस्त करते.”

मी ते कागदावर लिहून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि कागद खिशात ठेवला.

सासूने आम्हाला आत बोलावलं, पाणी दिलं. म्हातारी बोलकी होती. सुनेचं गाणं म्हणजे डोक्याला ताप होता, तिने सांगितलं. ड्यूटी करून आली की तालीम, स्पर्धेच्या दिवसांत स्वयंपाकाला उशीर. पेपरात आलं तेव्हा शेजारच्या मुलीकडून वाचून घेतलं. शिकल्या-सवरल्या माणसानं लिहिलंय की ही खांब आहे, मग आमी काय वेगळं सांगत होतो? तेव्हापासून घरात गाणं बंद. रेडिओवर लागलं आणि ती गुणगुणली तरी ‘ए खांब’ म्हणून हाक मारायची सवय झाली होती, नवऱ्यालाही. म्हातारीच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. पेपरात होतं म्हणून म्हणत होती.

हे सगळं बोलणं इन्स्पेक्टर म्हातारीच्या तोंडावरून वाचत होते. दात नसलेल्या तोंडाचं वाचणं अवघड जातं, असं ते एकदा म्हणाले होते. या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही.

मग त्यांनी त्या बाईला गायला सांगितलं. ती म्हणाली, तीन वर्षं झाली, आवाज राहिला नसेल. ते म्हणाले, नसला तर तसं लिहू. तिने विचारलं, “तुमाला ऐकू येत नाही तर कोनासाठी गाऊ?”

“ह्यांच्यासाठी. मी भाईर बसतो.” ते उठले. “मी बगितलं तर पुना त्येच हुईल.”

ते बाहेर जाऊन पायरीवर बसले, दाराकडे पाठ करून, समोरच्या मोटारसायकलींकडे तोंड करून.

ती पाण्याच्या पिंपाशेजारी उभी राहिली आणि एक भजन सुरू केलं. पहिली ओळ कोरडी निघाली. दुसरीत श्वास मध्येच तुटला. सराव नव्हता, हे कुणालाही कळलं असतं. सासू माझ्याकडे बघून मान हलवायला लागली, बघा, सांगत होते ना, अशी. तिसऱ्या ओळीला तिला सूर सापडला. ती खरोखरच खांबासारखी उभी होती. हात बाजूला सरळ, मान ताठ, डोळे भिंतीवर. अंगात कुठेही काही चाललेलं दिसत नव्हतं, आणि आवाज त्या खोलीत मावत नव्हता. वरच्या सुरावर गेली तेव्हा चढली असं वाटलंच नाही, जणू ती आधीपासून तिथेच होती आणि खालच्या ओळी फक्त आमच्यासाठी गात होती. शेजारच्या घरातला मिक्सर थांबला. म्हातारीने मान हलवणं थांबवलं आणि पदराचं टोक हातात धरून बसली.

संपल्यावर मी वही काढली, पण रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना. मी बाहेर गेले आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. ते वळले. मी कागद पुढे केला नाही, ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. गाणाऱ्याकडे बघत तसंच, कपाळ, डोळे, ओठ, असं क्रमाने. मी काही लपवायचा प्रयत्न केला नाही.

“चुकलो,” ते म्हणाले.

आत येऊन ते म्हातारीसमोर उभे राहिले आणि पेपरातला तो तुकडा मागितला. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून तिने तो काढून दिला. घड्यांवर फाटायला आला होता, माझा मथळा अजून ठळक होता. त्यांनी तो पिंपाच्या झाकणावर पसरला. कारखान्यात चुकलेली नोंद खोडून काढत नाहीत. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, म्हणजे कोण काय चुकलं ते राहतं. त्यांनी ‘खांबासारखी’पासून ‘नापास’पर्यंत तशी रेघ मारली, मग मथळ्यावर मारली. समासात दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली, पूर्ण नावाची, आणि तारीख घातली. त्यांचं नाव मी पहिल्यांदाच आमच्या पेपरावर पाहत होते.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यापुढे धरायला लागली. इन्स्पेक्टरांनी हाताने थांबवलं आणि सुनेकडे बोट दाखवलं.

“काय लिवलंय गं त्यानं?” म्हातारीने तिला विचारलं.

ती तुकडा घेऊन दारातल्या उजेडात गेली आणि वाचलं, “लिहिणाऱ्याला ऐकू येत नव्हते. बाईंचे गाणे त्याने ऐकलेले नाही. मत रद्द.”

“परत वाच,” म्हातारी म्हणाली.

तिने परत वाचलं, या वेळी मोठ्याने, बाहेर ऐकू जाईल असं. इन्स्पेक्टर तिच्यासमोर उभे राहून तिचे ओठ बघत होते, एकेक शब्द बरोबर वाचला जातो आहे का ते तपासत, आणि शेवटच्या शब्दावर त्यांनी मान हलवली.